नाव, वय, धंदा, राहणार

प्रभाताई दोन मिनिटं एका जागी शांत बसली, तर खुशाल समजावं की तिला ताप आहे. कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली आमची टेबलं लागून लागून होती. मी मुद्रांक विकणारी, ती टायपिस्ट. म्हणजे दोघींचंही काम बसायचंच. पण ही बाई टाइप करतानाही उजवा पाय असा हलवायची, की माझ्या टेबलावरचा चहा बशीत सांडायचा.

"ताई, पाय थांबव वं," मी म्हणायची.

"डोकं चालून राहिलं न सुनंदा, मंग पाय कसा थांबंन?"

डोक्याचा आणि पायाचा काय संबंध, हे तिनं मला एकवीस वर्षांत कधी समजावलं नाही. स्वतःचा चहा अर्धा पिऊन ती उठायची, दोन फेऱ्या मारून यायची आणि विचारायची, "माहा चहा कोनं पेला?" चपला टेबलाखाली काढून ठेवायच्या आणि अनवाणी थेट कॅन्टीनपर्यंत जायचं, मग तिथून कोणाच्या तरी हाती निरोप, की माझ्या चपला पाठव. मी कितीदा तरी त्या चपला घेऊन गेले. शिव्या देत गेले, पण गेले.

तोंडात तिच्या अस्सल नागपुरी, आणि कागदावर मात्र अशी शुद्ध मराठी की वकीलसुद्धा मसुदा तिला दाखवून घ्यायचे. कोणी काही सांगितलं, की तिचा एकच प्रश्न: "कागदावर आलं का?" भावानं वाटणी द्यायचं कबूल केलं? कागदावर आलं का. पोरगा लग्नाला तयार आहे? कागदावर आलं का. माझ्या नवऱ्यानं तंबाखू सोडली असं मी आनंदानं सांगितलं, तर म्हणे, "कागदावर घे त्याच्याकडून, मी टाइप करून देते." दिलं असतं तर बरं झालं असतं, कारण महिन्याभरात त्याच्या खिशात परत पुडी सापडली.

कॉम्प्युटर आला तेव्हा ती शिकली, झटपट शिकली. पण जुना करार उघडून त्यातली नावं बदलायची, हे तिला मान्य नव्हतं. "शिळी भाजी गरम करून वाढनारी बाई नाही मी." प्रत्येक करार ती पहिल्या अक्षरापासून नव्यानं टाइप करायची. डोळे पक्षकाराकडे, बोटं आपली चाललेली. आणि जुनं लोखंडी मशीन तिनं विकलं नाही. टेबलाच्या खालच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेलं असायचं.

तिचं आडनाव मी सांगणार नाही. या लिखाणात कोणाचंच सांगणार नाही, माझंही नाही. आडनाव कळलं की आपल्या लोकांचं डोकं पुढचं सगळं आपोआप भरून घेतं. माझंही घेतं, मी काही निराळी नाही. एवढंच सांगते, की तिचे बाबा हातमागावर लुगडी विणायचे आणि तिच्या डब्यातल्या रश्शानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. तेवढ्यावरून कोणी ओळखलंच, तर ओळखा बाप्पा.

आता प्रियंकाची गोष्ट. पारशिवनीकडच्या एका खेड्यातली पोरगी, नागपुरात एका खासगी दवाखान्यात नर्स. आईच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिससाठी बसनं आणायचं, परत न्यायचं. परतीच्या बसमध्ये आई अर्धमेली व्हायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे जाणं-येणं बंद करा, नाहीतर फार दिवस निघणार नाहीत. म्हणून पोरीला दवाखान्याजवळ खोली हवी होती. खोली मिळाली धरमपेठेत. फोनवर सगळं ठरलं. मालक करार करायला स्वतः तिच्यासोबत आले.

मालक म्हणजे अगदी सज्जन माणूस, मऊ आवाजाचा. पोरीला बेटा-बेटा म्हणत होते. प्रभाताईनं अकरा महिन्यांचा करार टाइप केला, मुद्रांक माझाच होता. मालकांनी सहीला पेन उघडलं आणि सोबत जोडायची आधार कार्डाची झेरॉक्स पाहायला घेतली. करार त्यांनी वाचलाच नव्हता, तोपर्यंत त्यांना नुसतं प्रियंका एवढंच माहीत होतं. झेरॉक्सवरच्या आडनावावर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं. नीट, टक् आवाज येईपर्यंत लावलं.

"आमचं काही नाही हो बेटा," ते म्हणाले. "आमच्याकडे सगळे येतात-जातात. पण घरी म्हातारी आई आहे, तिचं सोवळं असतं. तुलाच त्रास होईल उगाच."

पोरगी रडली नाही. झेरॉक्स तिनं प्लॅस्टिकच्या फाइलीत परत ठेवली आणि प्रभाताईला विचारलं, "मावशी, आता हा कागद काय कामाचा?"

"ही कितवी खोली वं बाई?"

"चौथी."

मालक केव्हाच स्कूटरकडे गेले होते. ताईनं ड्रॉवर उघडला आणि तो करार आत ठेवला. तो ड्रॉवर मी रोज पाहायची, पण आत काय आहे ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. सह्या न झालेले करारच करार. हा एका मुसलमान प्रोफेसरचा. हा कोड फुटलेल्या एका माणसाचा, मालकिणीनं त्याचे हात पाहिले आणि उठून गेली. हा नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईचा. हा एका तृतीयपंथी शिक्षिकेचा. प्रत्येकाच्या मागं ताईनं पेन्सिलनं मालकानं दिलेलं कारण लिहून ठेवलेलं. 'सोसायटीवाले ऐकत नाहीत.' 'बायको भिते.' 'पाहुणे येणार आहेत.'

ती उठली आणि शेजारच्या वकीलसाहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. अर्थात अनवाणी.

"साहेब, ह्या मानसावर कोनतं कलम लागते?"

वकील हसले. "ताई, सरकारनं भेद करू नये, हे संविधानात आहे. दुकान, हॉटेल, विहीर, तेही आहे. पण स्वतःचं राहतं घर भाड्यानं कोणाला द्यायचं, ही ज्याची त्याची मर्जी. शिवी दिली असती, जातीवरून अपमान केला असता, तर केस उभी करता आली असती. इथं तर त्यानं 'बेटा' म्हटलं."

"म्हंजे कायदा तेवढा कमी पडून राहिला."

"असं म्हणा."

"म्हनायचं काहून? लिहून देते न मी!"

आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण तिनं खरंच लिहायला घेतलं. घर भाड्यानं देताना जात, धर्म, आजार, अपंगत्व, लिंग, लग्न झालं की नाही, यांपैकी कशावरूनही नकार द्यायचा नाही. दिला तर भाडेकरूनं कुठं जायचं, किती दिवसांत निकाल लागला पाहिजे. वकीलसाहेब आधी चेष्टा करायचे, मग रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्यासोबत बसायला लागले. शेवटी परिशिष्ट म्हणून भाडेकराराचा एक नमुना जोडायचा, ही कल्पना तिची. "कायदा राहते मुंबईच्या कपाटात. लोकांच्या हातात तं फारमच येते न."

या नमुन्याचा तिला भारी अभिमान होता, आणि त्याला कारण होतं. पूर्वी खरेदीखत असो, गहाणखत असो, सुरुवात ठरलेली असायची: नाव, वय, जात, धंदा, राहणार. ती शिकली तेव्हा हेच शिकली आणि वर्षानुवर्षं हेच बडवलं. पुढं कधीतरी तिनं स्वतःच्या मनानं आपल्या करारांतून 'जात' काढून टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. "माह्या करारात जात नसते," हे ती नसलेली कॉलर ताठ करून सांगायची.

पण मी तिला एक दिवस बोलले. ती 'कलम चार, कलम चार' करत फेऱ्या मारत होती आणि मला चीड आली. प्रियंका तेव्हाही आईला बसनंच आणत होती.

"ताई," मी म्हटलं, "तुझी वरची खोली दोन वर्षांपासून रिकामी आहे नं?"

ती खुर्चीत बसली. तिचा पाय थांबला. एकवीस वर्षांत तो पाय असा थांबलेला मी पाहिला नव्हता, आणि मला वाटलं, उगाच बोलले मी.

"आई होती तेव्हा विचारूनच देत होतो वं आम्ही," ती म्हणाली. "आपल्यातल्याच मानसाले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होती. एकदा एक बाई आली होती कडेवर लेकरू घेऊन, तिले आई म्हने खोली गेली. खोली कुठी गेली होती? मी काहीच नाही बोलली."

"आता आई नाही."

"आई नाही, पन सवय आहे न."

तिसऱ्या दिवशी तिनं प्रियंकाला फोन करून सांगितलं, वरची खोली धुऊन ठेवली आहे, आईला घेऊन ये. करार मात्र विधेयक दिल्यावर करू, त्या नव्या नमुन्यावर. पहिला करार माझ्या घरचा, असा तिचा हट्ट.

डिसेंबर आला. नागपूरकरांना हे नवं नाही. मुंबईचं सरकार हिवाळ्यात इथं येतं, रस्ते अडवायला बल्ल्या लागतात, पोलीस दिसतात, आणि सगळ्या महाराष्ट्राची गाऱ्हाणी मंडपांत येऊन बसतात. कोणीतरी आमदार सही करील तरच खासगी विधेयक सभागृहात जातं. म्हणून ताई रोज दुपारी आमदारांच्या मुक्कामी. एका साहेबांच्या माणसानं कागद न पाहताच विचारलं, "बदली की अनुकंपा?" दुसऱ्यानं तिला नोकरीसाठी आलेली समजून बायोडाटा मागितला. एके दिवशी ती चार तास परत आली नाही, म्हणून मी शोधायला गेले, तर ही बया एका धरणे मंडपात मांडी घालून बसलेली. कोणत्या तरी अंशकालीन कामगारांचं निवेदन वाचायला घेतलं, त्यातली भाषा पाहून हिला राहवलं नाही, आणि सगळं निवेदन नव्यानं लिहून देत बसली. स्वतःची फाइल बुडाखाली.

"भयताड आहेस का तू?" मी ओरडले.

"वाक्याले कर्ताच नव्हता वं!" ती म्हणाली.

शेवटी एक आमदार भेटले. दूरच्या जिल्ह्यातले, पहिल्यांदाच निवडून आलेले. त्यांच्या मुलीला पुण्यात एकटी म्हणून तीन ठिकाणी खोली नाकारली होती. त्यांनी उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि म्हणाले, "उद्या पक्की प्रत आणा. परवा विधेयकाची सूचना द्यायचा शेवटचा दिवस आहे."

त्या संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरला हात लावला नाही. कापड सोडून जुनं मशीन वर काढलं, तेल घातलं, फीत बदलली. "ज्याच्यावर शिकली, त्याच्यावरच करीन." मी कुंकवाचं बोट लावलं मशीनला, खोटं कशाला सांगू. ती टाइप करत होती आणि कळा अशा वाजत होत्या की कोर्टातून निघालेली माणसं थांबून पाहत होती. परिशिष्टापर्यंत आली तेव्हा तिला कागदाकडे पाहायचीही गरज राहिली नव्हती. माझ्याकडे पाहून हसत होती आणि बोटं चालली होती.

दुसऱ्या दिवशी आमदारांची सही झाली आणि विधेयक कचेरीत दाखल झालं. पोच मिळाली, शिक्क्यासकट. तिनं ती मला तीनदा दाखवली. "कागदावर आलं, सुनंदा!"

आणि तिसरा दिवस, शेवटचा. दुपारी प्रियंका ड्यूटी संपवून आमच्या झाडाखाली आली. ताईनं नमुन्याची कार्बन प्रत तिच्यापुढं ठेवली आणि ऐटीत पेन दिलं. "भर वं बाई. महाराष्ट्रातला पहिला."

प्रियंकानं नाव लिहिलं. वय लिहिलं. मग पेन थांबलं.

"मावशी," तिनं वर न पाहता विचारलं, "हे पण भरायचं का?"

ताई वाकली, मीही वाकले. नाव, वय, जात, धंदा, राहणार. पाचही शब्द सारख्या अंतरावर, सारखेच ठळक. त्यात खाडाखोड नव्हती, कुठं अक्षर चढलेलंही नव्हतं.

ताईच्या तोंडून नुसतं "अगं बाई गं" निघालं. मग तिनं फाइल उचलली आणि ती निघाली. मी टेबल वकीलसाहेबांवर सोडून मागं, प्रियंका माझ्या मागं. ऑटो मोर्च्यात अडकला तेव्हा ताई उतरून चालायला लागली, चालायला काय, धावायलाच. आमदारांच्या दारात पोचलो तेव्हा मला दिसलं, की बाई कोर्टापासून अनवाणीच आली आहे.

आमदारांनी ऐकून घेतलं. माणूस खरंच चांगला होता. "ताई, परिशिष्ट कोण वाचतं? छाननीत कोणीतरी काढून टाकेल. आता दिलेला कागद बदलता येत नाही, मागंच घ्यावा लागेल. आणि मागं घेतला तर नवा द्यायला आज वेळ उरलेला नाही. चार वाजत आले. हे अधिवेशन गेलं समजा."

"आणि नाही काढलं कोनी, मंग?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मावशी, राहू द्या न," प्रियंका म्हणाली. "चूकच झाली. माझ्यासारख्या किती जणींचं काम होईल. मला नाही वाईट वाटलं."

"वाटलं," ताई म्हणाली. "पेन थांबलं तुहं, मी पाह्यलं. त्या धरमपेठवाल्यानं नुसती झेरॉक्स पाह्यली. मी तं छापून विचारलं. आता कायदाच घरोघरी जाऊन विचारंन, बाई तुही जात काय? मागं घ्या साहेब."

मी तिथंच भांडले तिच्याशी. मला भयंकर राग आला होता, पुढं कितीतरी दिवस राहिला. एका शब्दापायी एवढी वणवण पाण्यात घालवायची? ज्यांच्या आया बसमध्ये मरायला टेकल्या आहेत, त्यांनी तुझ्या शुद्धतेची वाट पाहायची का? मी हे सगळं बोलले, आमदारांसमोर बोलले. मागं घेण्याच्या अर्जावर सही झाली तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होती.

परत येताना ऑटोत एकदाच बोलली. "डोक्यातून काढलं होतं वं मी. बोटांत राह्यलं."

प्रियंकाचा करार तिनं त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर केला, एकेक अक्षर पाहत, पहिलीतल्या पोरीसारखा. आई आणि ती आधीच वर राहायला आल्या होत्या. आता म्हातारीच्या आणि ताईच्या रश्शावरून रोज लढाया होतात, तिखट किती आणि मीठ किती, कारण डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे आणि म्हातारी ऐकत नाही. बसचे हाल संपले. आमदारांनी पुढच्या वेळी नक्की म्हणून सांगितलं आहे. ते कागदावर आलेलं नाही.

मुद्रांकांचं काम कमी होत गेलं आणि मी टेबल बंद करून लेकीकडे सावनेरला जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी सामान आवरून निरोप घ्यायला वळले, तर ताई जुन्या मशीनवर बसलेली. पक्षकार कोणी नव्हता. ड्रॉवर उघडा होता आणि त्या सही न झालेल्या करारांच्या पाठींवर, पेन्सिलीतल्या कारणांखाली, ती टाइप करत होती. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं, ओळीखाली ओळ: नाव, वय, धंदा, राहणार. नाव, वय, धंदा, राहणार. बाजूला अशा कागदांची चळत होती.

मी वरचा कागद उचलला. शब्द बरोबर होते. पण प्रत्येक ओळीत 'वय' आणि 'धंदा' यांच्यामध्ये जागा सुटलेली होती, एका लहान शब्दाएवढी. तिथं आलं की बोटांना काहीतरी दाबायचंच असतं, म्हणून ती जागा सोडायची कळ दाबत होती. इतके दिवस मनात धरलेलं भांडण मी तिथंच टाकलं.

"गेलं का वं ताई?" मी विचारलं.

"कागदावरून गेलं," ती म्हणाली. मान वर केली नाही. "बोटातून जाऊन राहिलं."

टेबलाखाली तिचा पाय चालू होता. मी तिच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि निघाले. फाटकापर्यंत मशीन ऐकू येत होतं. दोन शब्द वाजायचे, मग ते जरासं अडायचं आणि पुढं जायचं.